मास्तरणीच्या पाठीवर

घोडीला पाठ असते हे माणसाला माहीत असतं, घोडीला माहीत नसतं. तिच्या लेखी ती माश्या बसायची जागा. मग एके दिवशी तिथे खोगीर येतं, पोटाखालून पट्टा आवळला जातो, आणि त्याची जरा सवय होतेय तोवर एक अख्खा माणूस वर चढून बसतो. बसतो ते बसतो, वर हलतो. गिऱ्हाइकं मला विचारतात, घोडी बिचकते का हो? अहो, तुम्ही स्वयंपाकघरात उभे असताना मागून येऊन मी तुमच्या खांद्यावर बसले, तर तुम्ही काय भाजी चिरत राहाल?

घोडे शिकवणं हा आमच्या घरचा धंदा. वडिलांनी सुरू केला आणि जाताना आम्हा भावंडांच्या गळ्यात टाकला. वाटणी साधी आहे. दादा वर, मी खाली. नवीन जनावर आलं की आधी मी त्याला लांब दोरावर गोल फिरवते, मग मागून दोन दोर धरून हाकते, मग रिकामं खोगीर चढवते, मग खोगिरावर वाळूच्या पिशव्या बांधते. जनावर पिशव्यांना कंटाळलं की तयार झालं असं समजायचं आणि दादाला हाक मारायची. दादा चाबूकस्वार. हे धंद्याचं नाव झालं. चाबूक त्याच्या हातात मी कधी पाहिला नाही, बहुतेक वेळा चहाचा कप असतो. पुढचं सगळं त्याचं. वडिलांचा नियमच होता, की विकायच्या घोड्यावर गिऱ्हाईक बसेपर्यंत एकाच माणसाने बसायचं. दुसरं बूड लागलं की जनावर बुचकळ्यात पडतं, असं त्यांचं म्हणणं. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, नियम मात्र ठणठणीत आहे.

लग्न मी केलं नाही. दोघांनी विचारलं होतं. एकाला घोड्यांच्या केसांनी शिंका यायच्या आणि दुसऱ्याला माझ्या बोलण्याने घाम फुटायचा. त्यामुळे मी दादाच्या घरात, तबेल्याला लागून असलेल्या खोलीत राहते. वहिनीशी माझं उत्तम जमतं, म्हणजे आम्ही रोज भांडतो आणि रोज एकत्र जेवतो.

ही घोडी आली तेव्हा फाटकातच थांबली आणि तिने सगळ्या आवाराकडे असं काही बघितलं, की मी खांद्यावरचा गवताचा भारा खाली ठेवून हात झटकले. वर्गात कोण बोलत होतं ते मला ठाऊक आहे, अशी नजर. तिचं नाव मास्तरीण पडलं. रंगाने तपकिरी, कपाळावर ठिपका नाही, पायात पांढरे मोजे नाहीत, दिसायला अगदीच साधी. पण चालायला लागली की हातातलं काम सोडून बघत राहावं. मास्तरीण रवाल चालीची होती.

ही चाल शिकवून येत नाही, जनावराच्या रक्तात असावी लागते. साधा घोडा जरा वेग आला की दुडक्या मारतो आणि वरच्याची हाडं खिळखिळी करतो. रवाल घोडा चारही पाय वेगवेगळे टाकतो, एकामागून एक, सारख्या अंतराने. अंग पुढे जातं आणि पाठ जागच्या जागी राहते. दिसतं असं, की वर बसलेला माणूस घरी बसलाय आणि घरच चाललंय.

पण ही चाल भारी नाजूक. कोऱ्या घोडीच्या पाठीवर वजन आलं की ती घाबरून पाठ ताठ करते, आणि पाठ ताठली की सगळं संपलं. एका बाजूचे दोन्ही पाय एकदम, मग दुसऱ्या बाजूचे दोन्ही एकदम, अशी ती उंटासारखी झुलायला लागते आणि वरच्याच्या पोटातलं इकडचं तिकडे होतं. म्हणून अशा घोडीला वजन घेऊन आधी नुसतं चालायला शिकवायचं. नुसतं. हळू, सरळ रेषेत, थोडा चढ असेल तिथे, थोडी खडबडीत जमीन असेल तिथे, दिवसच्या दिवस. तिला कळू द्यायचं की वर जे काही आहे ते पडत नाही, चावत नाही, आणि थोड्या वेळाने आपणहून उतरतं. घाई केली की उंट झालाच.

मागच्या वर्षी एका तरण्या घोड्याने दादाला कुंपणावर फेकलं. उजवा खुबा गेला. हॉस्पिटलमध्ये त्यात लोखंड बसवलं आणि घरी पाठवताना सांगितलं की घोडा विसरा. दादा हो म्हणाला. दादा सगळ्यांना हो म्हणतो. काठी सुटली त्या दिवशी तो तबेल्यात होता.

वहिनीने जेवताना विषय काढला. तिचं म्हणणं असं, की लोकांचे शिकलेले घोडे सांभाळायला ठेवू, पोट भरेल, पण वर बसणं आता पुरे. दादाने ताट बाजूला सारलं.

मग म्हणाला, "ही मास्तरीण गिऱ्हाइकाच्या हातात नीट गेली, तर मी बसत राहणार. नाही गेली, तर उतरलो. परत रिकिबीत पाय घालणार नाही."

वहिनीने माझ्याकडे बघून विचारलं, ऐकलंत ना वन्सं? ऐकलं होतं. 

दादाला दुसरं काही येत नाही. हे मी टोमणा म्हणून म्हणत नाही. त्याला दिवा बदलता येत नाही, दुकानातून काही आणायला पाठवलं तर तो पिशवी आणतो आणि सामान विसरतो. घोड्यावरून उतरलेला दादा म्हणजे दारात उभा राहिलेला एक उंच माणूस, ज्याच्यामुळे कुणाला आत जाता येत नाही. काठीच्या दिवसांत तो खिडकीशी बसायचा आणि माझ्या दोराकडे बघत राहायचा. मी काही विचारलं तर हो म्हणायचा. मला तो दादा परत बघायचा नव्हता. मला त्या दादाची भीती वाटायची.

तर मास्तरीण. वाळूच्या पिशव्या घेऊन ती सुरेख चालायची, पिशव्या झोपी जाव्यात इतकी. दादा बसला, तेव्हाही सुरुवातीचे दिवस नुसत्या चालण्यात बरे गेले. मग त्याने जरा वेग मागितला, आणि घोडीचा उंट झाला. थांबवलं, पुन्हा मागितलं, पुन्हा उंट. दादाने खापर फोडायला घेतलं. आधी खोगिरावर, मग गवतावर, मग मास्तरणीच्या स्वभावावर. शेवटी नालबंदाला बोलावलं, नाल चुकलेत म्हणून. आमचा नालबंद माणसांपेक्षा खुरांशी जास्त बोलतो. त्याने चारही पाय उचलून बघितले, खाली ठेवले, वर बसलेल्या दादाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि सामान आवरून निघून गेला.

घोडं कुठे पेंड खातंय ते आवारात येणाऱ्या प्रत्येकाला दिसत होतं. दादा वाकडा बसत होता. उजवा खुबा दुखायचा म्हणून तो सगळा भार डाव्या बाजूला टाकायचा, आणि त्याला वाटायचं आपण सरळ आहोत. मागून बघावं तर भिंतीवरची तसबीर एका बाजूने कलावी तसा. बिचारी घोडी त्याच्या खाली शिरून त्याला सावरायला बघायची आणि त्या सावरण्यात चाल जायची. तिने त्याला खुशाल पाडलं असतं तर चाल राहिली असती. गुणाची होती म्हणून बिघडली.

हे त्याला सांगायचं कुणी? वहिनीला नुसतं थांबायचं होतं, वेळ तिच्या बाजूने होता. नालबंद मूग गिळून बसला. मी एकदा म्हणाले, दादा, जरा उजवीकडे सरक. त्याने मला ऐकवलं की तुझ्या जन्माच्या आधीपासून मी घोड्यावर बसतोय. दादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आहे.

मग मी जे केलं ते मी पुन्हाही करीन. मी टायरवाल्याकडे गेले. चाक डगमगू नये म्हणून तो रिमला शिशाचे चपटे तुकडे लावतो, ते मागितले. त्याने विचारलं, गाडी कुठली? म्हटलं, घोडी. त्याने विचारलं, कुठल्या बाजूला लावणार? म्हटलं, उजव्या. शहाणा माणूस, पुढे काही विचारलं नाही.

दुपारी दादा झोपला की मी खोगीर घेऊन गवताच्या खोलीत बसायची. खोगिराखालच्या डाव्या गादीची शिवण उसवली आणि आत आणखी लोकर ठासली, म्हणजे त्याची डावी बाजू उचलली जाईल. उजव्या बाजूच्या चामड्याखाली शिसं शिवून टाकलं. खोगीरभरती हा शब्द लोक शिवीसारखा वापरतात. त्यांनी खोगीर कधी भरलेलं नसतं. बोटांची सालं निघतात, सुई दोनदा मोडते, आणि शिवण अशी घालावी लागते की तीस-चाळीस वर्षं खोगीर बघणाऱ्या माणसालाही ती जुनीच वाटावी. आणि मी काही वेडी नव्हते, माझा हिशोब पक्का होता. घोडीला सरळ वजनाची सवय लागेल. गिऱ्हाईक यायच्या आदल्या दिवशी मी लोकर काढीन, शिसं काढीन, आणि सरळ माणूस सरळ खोगिरावर बसेल. कुणाला काही कळणार नाही, दादाला तर नाहीच.

पहिल्या दिवशी मास्तरीण जरा थबकली. कान मागे, कान पुढे, कान मागे. पाठीवरचा माणूस आज सरळ आहे, हे तिने दोनदा तपासलं. मग चालली. काही दिवस मी दादाला वेग मागू दिला नाही, बहाणे सांगत राहिले. मग एके सकाळी त्याने माझं न ऐकता मागितला, आणि घोडीने दिला. चार पाय, वेगवेगळे, सारखे. मी दोर हातात धरून उभी होते आणि तो कशाला धरलाय ते विसरले.

दादा शीळ घालत घरी आला. जेवताना बोलला. घोडी समजून घ्यावी लागते म्हणाला, बसणाऱ्याला आतून कळावं लागतं म्हणाला, आणि मला दोन सूचनाही केल्या. मी मान डोलावली. असा संताप आला होता की ताट डोक्यात घालावं, आणि असा आनंद झाला होता की बोलायची सोय नाही.

वहिनीने मला पकडलं ते लोकरीवरून. माझ्या केसांत अडकली होती. ती गवताच्या खोलीत गेली, खोगीर उलटं केलं, गादीवरून हात फिरवला, आणि परत येऊन माझ्या समोर बसली. मी म्हटलं, सांग आता जाऊन.

"मागच्या वेळी ते पडले तेव्हा तुम्ही घोडा पकडायला धावलात," वहिनी म्हणाली. "यांच्याकडे मी धावले. त्यांचा पाय कुठल्या बाजूला वळला होता ते मी बघितलंय वन्सं, तुम्ही नाही."

मी केसांतली लोकर चाचपायला लागले. 

मग ती उठली आणि म्हणाली, "सांगणार नाही. जेवताना बोलायला लागलेत." आणि माझ्या केसांतली उरलेली लोकर काढून तिने चुलीत टाकली. त्या आठवड्यात आम्ही भांडलो नाही. दादाला वाटलं आम्ही दोघी आजारी आहोत.

गिऱ्हाईक म्हणजे दातांच्या डॉक्टरीणबाई. आयुष्यभर लोकांच्या तोंडात वाकून त्यांची पाठ गेली होती, म्हणून त्यांना न हलणारी घोडी हवी होती. कमरेला रुंद पट्टा बांधायच्या, त्यामुळे ओळंबा लावल्यासारख्या ताठ. प्रश्न विचारायच्या आणि उत्तराला थांबायच्या नाहीत. त्यांच्या धंद्यात समोरच्याला उत्तर देता येत नाही, त्याची सवय. त्या शनिवारी येणार होत्या. शुक्रवारी सकाळी कुणीतरी दाढ काढायचं रद्द केलं आणि बाई शुक्रवारीच आल्या. गाडीतून उतरल्या त्या खोगीर चढवलेल्या घोडीसमोर. दादाने सकाळच्या फेरीसाठी ते नुकतंच चढवलं होतं.

मी म्हटलं, आज जुनं खोगीर घालू या. दादा म्हणाला, का? म्हटलं, बाईंना मऊ पडेल. दादा म्हणाला, घोडीला याची सवय आहे. मग वहिनी मध्ये पडली, दुसरंच घाला म्हणाली. आम्हा दोघींचं एका गोष्टीवर एकमत झालेलं बघून तरी त्याला संशय यायला हवा होता. पण तो खुशीत होता. त्याने चढायचा ठोकळा आणून ठेवला, बाईंना हात दिला आणि लगाम त्यांच्या हातात सोपवला.

बाई ताठ. खोगीर कललेलं. कललेल्या खोगिरावर ताठ माणूस म्हणजे घोडीच्या पाठीवर नवीनच आक्रीत. मास्तरणीने कान मागे टाकले, चार पावलं नीट चालली, आणि बाईंनी जरा वेग मागितल्याबरोबर झुलायला लागली. डावीकडचे दोन पाय, उजवीकडचे दोन पाय. बाईंचा चेहरा पांढरा होत गेला आणि एका हाताने त्यांनी आयाळ धरली. मी धावत जाऊन घोडी थांबवली. उतरताना त्यांना माझ्या खांद्याला धरावं लागलं. कळ पार पायापर्यंत गेली असावी, बराच वेळ त्या एकाच पायावर उभ्या होत्या. मग शांतपणे म्हणाल्या की घोडी अजून झालेली नाही.

दादाचा चेहरा बघवत नव्हता. लगाम घेऊन तो वर चढला. आणि मास्तरीण त्याला घेऊन अशी गेली, इतकी सुंदर, की मला तिची मान मुरगाळावीशी वाटली. कुंपणाच्या कडेने एक पूर्ण फेरी. दादाने वरून बाईंकडे बघितलं. बघा, असं त्याला म्हणायचं होतं.

बाई त्याच्या पाठीकडे बघत होत्या. फेरी संपल्यावर म्हणाल्या, "तुम्ही डावीकडे कलता. उजवा खुबा दुखतो ना? केव्हापासून? आणि हे खोगीर तुम्हाला बरोबर बसतं, मला नाही. तुमच्यासाठी बनवून घेतलंय का?" या वेळी मात्र त्या उत्तरासाठी थांबल्या.

दादा म्हणाला, खोगीर साधंच आहे. म्हणता म्हणता तो उतरला. पट्टा सोडला, खोगीर उचललं, आणि उचलतानाच थांबला, कारण चाबूकस्वाराच्या हाताला वजन कळतं. ते त्याने ठोकळ्यावर उलटं ठेवलं. एका गादीवर तळहात ठेवला, मग दुसरीवर. चामड्याखाली शिसं चाचपलं. बराच वेळ चाचपत राहिला. मग आधी वहिनीकडे बघितलं. वहिनीने माझ्याकडे बघितलं नाही, हे तिचे उपकार.

मी म्हणाले, "मी केलं."

"कधी?"

"घोडी चालायला लागली त्याच्या आदल्या दिवशी."

तो हिशोब करत होता ते दिसत होतं. सगळ्या फेऱ्या, सगळ्या शिळा, जेवतानाचं बोलणं, सगळं त्याने मनातल्या मनात एकदा परत केलं आणि एकेक करून खाली ठेवलं.

"म्हणजे ती मी चालवली नाही," तो म्हणाला.

"तूच चालवलीस. मी फक्त तुला सरळ केलं."

मला वाटलं होतं तो ओरडेल. मी तयारीत होते, माझ्याकडेही बोलायला पुष्कळ होतं. तो ओरडला नाही. बाईंपाशी गेला आणि म्हणाला की घोडी चांगली आहे, वाकडेपणा बसणाऱ्याचा होता, तिला सरळ माणसाची सवय लावतो, महिन्याभराने या, नाही पटली तर नेऊ नका. एवढं सरळ बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. बाई बऱ्या होत्या. या वेळी त्यांनी काही विचारलं नाही, येते म्हणाल्या आणि कमरेला धरून गाडीत बसल्या.

दादा ठोकळ्यावर बसला. खिशातला चाकू काढून त्याने माझी शिवण स्वतः उसवली, लोकर बाहेर ओढली, शिशाचे तुकडे काढून खिशात टाकले. वहिनी त्याच्यासाठी पाणी घेऊन आली आणि तिथेच उभी राहिली. तिला हवं होतं ते झालं होतं, दादा उतरला होता. डोळे भरून आले होते तिचे. तो पाणी प्यायला आणि तांब्या परत देताना त्याने तिचा हात जरा धरून ठेवला.  माझ्यामुळे झालं, माझ्यामुळे नाही झालं, दोन्ही खरं होतं आणि दोन्हींचा उपयोग नव्हता. शेवटी मास्तरणीला पाणी दाखवायचं राहिलंय असं आठवून मी तिथून निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने खोगीर चढवलं, पट्टा आवळला आणि मला म्हणाला, चढ.

मी म्हटलं, वडिलांचा नियम आहे.

"वडील सरळ बसायचे," दादा म्हणाला.

मी चढले. आता हे सांगायला हवं. जन्म सगळा घोड्यांत गेला, पण मी बसले होते ती आमच्या म्हाताऱ्या घोड्यांवर, पाण्यावर न्यायला, उघड्या पाठीवर, आणि ते सगळे दुडक्या मारणारे. रवाल घोडी मी तयार करायची, दादा बसायचा, गिऱ्हाईक न्यायचं. किती तयार केल्या ते मोजलं नाही. एकीवरही बसले नव्हते. कुणी मनाई केली होती असंही नाही, कुणीतरी दोर धरायला हवा होता एवढंच.

आता दोर दादाने धरला. त्याला तो धरता येत नव्हता. पहिल्या दिवशी दोर त्याच्याच पायात अडकला, दुसऱ्या दिवशी कुंपणात. मास्तरीण थांबून त्याच्याकडे बघायची आणि तो सोडवेपर्यंत वाट बघायची, गृहपाठ न केलेल्या पोराची बघतात तशी. लंगडत तो आमच्या बरोबर चालायचा आणि बोलत राहायचा. मांड्या सोड. खाली बघू नकोस, जमीन कुठे जात नाही. हात मऊ ठेव, तिचं तोंड कातडीचं आहे, लोखंडाचं नाही. मी वरून सांगायची, दोर ढिला पडलाय. तो खालून सांगायचा, तू वर लक्ष दे.

घोडीची अवस्था वाईट होती. माझं बूड तिला नवं. शिवाय तिने दादाच्या कलण्याशी जमवून घेतलेलं होतं आणि माझ्याखालीही ते शोधत होती. कललं नाही की घाबरायची, पाठ ताठ, लगेच उंट. आम्ही परत नुसतं चालण्यावर आलो. हळू, सरळ, चढ असेल तिथे. माझ्या मांड्या सुजल्या, मी भिंतीला धरून उठायला लागले, वहिनीने तेल गरम करून दिलं आणि मनसोक्त हसून घेतलं. आमची भांडणं परत सुरू झाली, त्याने घरात जरा बरं वाटलं. दादा जेवताना बोलत नव्हता. हो म्हणत होता.

मग एका सकाळी, कुंपणाच्या लांब बाजूला, मी काही मागितलं नसताना मास्तरणीने मान जरा खाली घेतली आणि श्वास सोडला. पाठ माझ्याखाली मऊ झाली. आधी दादाला कळलं, कारण खालच्याला ते ऐकू येतं. तो म्हणाला, आता माग. मी मागितलं.

ते काय असतं ते मला सांगता येणार नाही. मी बसले होते आणि कुंपण मागे जात होतं. चार पाय खाली वाजत होते आणि माझ्यापर्यंत त्यातलं काही पोचत नव्हतं, वाराच तेवढा लागत होता. जन्मभर मी हे खालून बघितलं, बरोबर आहे की चूक ते सांगितलं, आणि ते हे होतं, हे मला माहीत नव्हतं. रडू आलं. दोन्ही हातांत लगाम असला की डोळे पुसता येत नाहीत.

आणि दुसरंही कळलं. प्रत्येक घोडीच्या वेळी मी खालून विचारायची, कसं वाटतंय रे? आणि तो वरून म्हणायचा, ठीक. मला राग यायचा. एवढी मेहनत मी करायची आणि हा एका शब्दात मोकळा होतो. तो सांगत नव्हता असं नाही. सांगण्यासारखं काही हाती लागत नव्हतं. आणि मोडक्या खुब्याने तो पुन्हा का चढला, तेही मला त्या कुंपणाच्या कडेला कळलं, आणि मी त्याला किती थोडं ओळखत होते तेही.

दादा थांबला होता. दोर त्याच्या हातातून सुटून जमिनीवर पडला होता आणि तो उचलायला वाकला नव्हता. फेरी पुरी करून मी त्याच्यापाशी आले, घोडी थांबवली. तो माझ्याकडे बघत नव्हता, मास्तरणीच्या पायांकडे बघत होता.

"कसं वाटतंय?" त्याने विचारलं.

मी तोंड उघडलं, आणि दुसरं काही आलंच नाही.

"ठीक," मी म्हणाले.

त्याने मान हलवली. मग घोडीच्या मानेवर हात ठेवून म्हणाला, "मग इतक्यात उतरू नकोस."